चहाला गेलेली माणसं

बारकी घरातलं शेंडेफळ, म्हणून बारकी. पुढे ती पाच फूट नऊ इंच झाली, पण तोवर नाव पडून गेलं होतं, आणि त्या घरात पडलेली वस्तू उचलायची कुणाला सवय नव्हती.

ती परदेशी शिकायला गेली, तेव्हा नेमकं काय शिकायला गेली हे लोकांना सांगायचं काम वडिलांवर आलं. ते त्यांना झेपलं नाही. विषय रांगांचा होता. माणसं रांगेत किती वेळ उभी राहतात आणि खिडक्या किती ठेवल्या म्हणजे कमी वेळ राहतील, याचं गणित. शेजाऱ्यांनी दोनदा नीट ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "म्हणजे रांगेत उभं राहायचं शिकायला पोरीला विमानाने पाठवलीत? आम्ही इथल्या इथे शिकलो की!" त्यानंतर वडील विचारणाऱ्याला नुसतं "कॉम्प्युटर" एवढंच सांगू लागले.

घरात हा विषय कळला तो एकट्या आत्याला. आत्या एका सरकारी रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीत एकतीस वर्षं बसत होती. आपल्याला रांग दिसते म्हणजे पुढच्याची पाठ दिसते. आत्याला रांग समोरून दिसायची, तोंडं, तोंडं आणि तोंडं.

"शीक," आत्या म्हणाली होती. "रांगेला मरण नाही. जन्मभर पोटाला कमी पडणार नाही तुला."

विद्यापीठात पहिल्या दिवशी बारकी चार रांगांत उभी राहिली. एक ओळखपत्राची, एक खोलीच्या किल्लीची, एक ग्रंथालयाची, आणि चौथी आधीच्या तीन ठिकाणी मिळालेले कागद बरोबर आहेत असा शिक्का घेण्याची. तिने प्रत्येक रांगेची वेळ वहीत लिहून ठेवली. तिला वाटलं, आपण योग्य जागी आलो.

वर्गात अकरा जण होते, सात देशांचे. आपल्याच देशातली रांग जगात सगळ्यांत वाईट, असं प्रत्येकाचं म्हणणं होतं, आणि पहिला महिना ते सिद्ध करण्यात गेला. बाकी दिवस एकटेपणाचे होते, पण त्याची तक्रार करायची नाही असं बारकीने विमानातच ठरवलं होतं. बसच्या थांब्यावर मात्र एक अडचण यायची. तिथली माणसं एकमेकांत हातभर अंतर ठेवून उभी राहत. बारकी घरच्या सवयीने पुढच्याला चिकटून उभी राही. पुढचा माणूस जरा सरके. मागून धक्का लागायच्या आत बारकीही सरके. असं करत एका सभ्य गृहस्थांना तिने फूटपाथवरून खाली उतरवलं होतं. त्यांनी उलट तिचीच माफी मागितली. त्या संध्याकाळी तिने आईला फोन करून इथली माणसं फार चांगली आहेत असं सांगितलं आणि फोन ठेवल्यावर थोडं रडून घेतलं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी करिअर-सल्लागार बाईंनी सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिला. त्यांच्या खोलीत अकरा झाडं होती आणि एक खुर्ची. फॉर्मात विचारलं होतं: पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? बारकीने बराच विचार करून लिहिलं, 'रांगेच्या दुसऱ्या बाजूला.' सल्लागार बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि 'अधिक स्पष्ट करा' असा शेरा मारला. तेवढ्यावर ते राहिलं.

प्रबंधाची वेळ आली. मार्गदर्शिका बाई एक सडसडीत, राखाडी स्वेटरातल्या बाई होत्या. त्या बोलायच्या कमी आणि हसायच्या मुळीच नाही. म्हणाल्या, "आकडे कुठून आणणार?" बाकीच्यांनी विमानतळ, दूरध्वनी केंद्र असली मोठमोठी नावं सांगितली. बारकी म्हणाली, "माझी आत्या आहे."

बाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

परवानगी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी दिली. पत्रावर तीन शिक्के आणि एक अट होती: प्रबंध पूर्ण झाल्यावर एक प्रत या कार्यालयास सादर करावी.

आत्याचं काम असं चाले. एक ते दीडशे आकडे कोरलेले पत्र्याचे बिल्ले होते. खिडकीशी येईल त्याला केसपेपर करून पुढचा बिल्ला द्यायचा. तो बिल्ला घेऊन माणूस डॉक्टरांच्या दाराशी बसणार. दारावरचा शिपाई आकडा पुकारणार, आत सोडताना बिल्ला काढून घेणार आणि वहीत आकडा, नाव आणि वेळ लिहिणार. एखाद्याचा आकडा पुकारून गेला असेल, तर तो आल्या आल्या त्याला आत सोडायचं, असा शिपायाचा शिरस्ता होता. दुपारी ओपीडी संपली की आत्या त्या वहीच्या पानाचा फोटो काढून बारकीला पाठवी. नावांच्या रकान्यावर ती लाकडी फूटपट्टी ठेवायची. "दुखणी आहेत ती लोकांची," ती म्हणाली होती, "ती काय परदेशात न्यायची असतात?" फूटपट्टीच्या टोकाशी तिचा अंगठा असायचा. चौदा महिन्यांत तीनशे चाळीस फोटो आले, आणि तीनशे चाळीस अंगठे.

बारकीने एकेचाळीस हजार आकडे कॉम्प्युटरवर चढवले. त्यातून एक विलक्षण गोष्ट निघाली. रोज शंभरातले दहा-अकरा आकडे आपल्या पाळीला वहीत नव्हतेच. पाच घ्या, सहा घ्या, आणि सात गायब. त्यांतले निम्म्याहून जास्त आकडे नंतर उगवायचे. एकशे बारानंतर एकदम सदतीस. उरलेले कधीच उगवायचे नाहीत. आणि कुठला आकडा कुठल्या दिवशी गायब होईल, याला काही ताळतंत्र नव्हता.

म्हणजे बिल्ला घेऊन माणसं रांगेतून उठून जात होती. काही जण तास-दीड तासाने परत येत, काही येतच नसत. जातात कुठे? बारकीला त्या रुग्णालयासमोरचं चहाचं दुकान आठवलं. लहानपणी आत्याचा डबा द्यायला गेली की तिथे तिला बिस्किट मिळायचं. तिने त्या प्रमाणाला नाव दिलं: चहा-गुणांक. त्यावर तिने सबंध चौथं प्रकरण लिहिलं. आलेख काढले. माणूस किती वेळ ताटकळला म्हणजे त्याला चहाची तल्लफ येते, याचं एक समीकरणही मांडलं.

मार्गदर्शिका बाईंनी ते प्रकरण वाचलं आणि त्या हसल्या. ही बातमी इमारतभर झाली.

पुढचं सगळं भराभर झालं. विभागात एका कंपनीचा माणूस आला. ती कंपनी नंबर देणारी यंत्रं करत असे. बटण दाबा, चिठ्ठी घ्या, बसा. विद्यार्थी त्याला यंत्रवाला म्हणत. यंत्रवाल्याने चौथं प्रकरण उभ्या उभ्या वाचलं आणि मग खुर्ची मागितली.

"शंभरातले अकरा येतच नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे शंभरांच्या वेळात आपण एकशे अकरा नंबर देऊ शकतो. आणि आकडा पुकारल्यावर पाच मिनिटांत आला नाही, की यंत्र तो आपोआप रद्द करेल. चहा प्यायचा तर खुशाल प्या."

एकोणीस रुग्णालयांत यंत्रं बसायची होती. बारकीला नोकरीचं पत्र मिळालं. अट एवढीच की प्रबंध मंजूर व्हावा. शिक्षण संपल्यापासून सहा महिन्यांत नोकरी मिळाली नाही तर राहण्याचा परवाना संपणार होता, आणि वर्गातले बाकीचे दहा जण त्या सहा महिन्यांचे दिवस बोटांवर मोजत होते. बारकीला मोजावे लागणार नव्हते. वडिलांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "कॉम्प्युटरमध्येच, पण वरच्या जागेवर."

तोंडी परीक्षेला नऊ दिवस उरले होते. रविवारी दुपारी बारकीने घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे फोन डब्याला टेकवून सगळे ओळीने बसले होते. वडील म्हणाले, "एवढं काय शोधून काढलंस ते आम्हाला पण सांग की. मला खाली शेजाऱ्यांना सांगावं लागतं."

बारकीने सोपं करून सांगितलं. रांग, बिल्ले, गायब आकडे, चहा.

तिकडे सगळे वा वा म्हणाले. आत्याने मात्र चष्मा काढला.

"कोण जातं चहाला?"

"लोक, आत्या. तुझ्या रांगेतले."

"माझ्या रांगेतून? दोन दोन बस बदलून, पहाटे उठून आलेली माणसं, नंबर हातात घेऊन चहाला जातात? अगं, लघवीला जायचं तरी शेजारणीला तीनदा बजावून जातात."

"मग ते आकडे जातात कुठे?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये," आत्या म्हणाली.

 तिकडे वडिलांनी फोन हलवून पाहिला.

"चित्र अडकलं वाटतं," ते म्हणाले.

"अडकलं नाही," आत्या म्हणाली. "ती विचार करतेय."

मग आत्याने सांगितलं. सकाळी आदल्या दिवशीचे बिल्ले डब्यात उलटेसुलटे पडलेले असतात. ते क्रमाने लावायच्या आधी ती डब्यात हात घालते आणि एक मूठ काढून ड्रॉवरमध्ये टाकते. मुठीत येतील ते. उरलेले क्रमाने वाटायचे. मग साडेदहा-अकराला कुणी असं येतं की त्याला एकशे चाळीसावा नंबर देऊन चालणार नाही. त्याला ड्रॉवरमधला सदतीस द्यायचा. सदतीस पुकारून गेलेला असतो, शिपाई त्याला सरळ आत सोडतो. कुणी ओरडत नाही, कारण सदतीस हा एकशे चाळीसच्या आधीचाच आकडा आहे. संध्याकाळी उरलेले बिल्ले परत डब्यात.

"हे तू मला कधी बोलली नाहीस!"

"तू विचारलंस कधी? तू म्हणालीस फोटो पाठव, मी पाठवले. तू म्हणालीस अंगठा बाजूला घे. तेवढं मला जमलं नाही."

त्यानंतर तीन दिवस बारकीने हिशेब केला की चौथं प्रकरण काढून टाकलं तर प्रबंधात काय उरतं. पहिल्या प्रकरणात रांग म्हणजे काय ते होतं. दुसऱ्यात इतरांनी रांगेबद्दल काय म्हटलंय ते होतं. तिसऱ्यात ती चौथ्यात काय करणार आहे ते होतं. आणि शेवटी आभार होते. आभारात आत्या होती.

न सांगता गप्प बसणं सोपं होतं. आकडे खोटे नव्हते. गुणाकार बरोबर होते. चहाला कुणी गेलं नाही हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं, आणि घरात बारकी सोडून सगळ्यांनाच इंग्रजी वाचायचा कंटाळा होता. पण यंत्र बसल्यावर काय होईल हे बारकीला दिसत होतं. यंत्र शंभरांच्या जागी एकशे अकरांना बोलावेल आणि कुणीच चहाला जाणार नाही. आणि यंत्राला ड्रॉवर नव्हता.

चौथ्या दिवशी तिने आत्याला एकटीला फोन केला.

"आत्या, खरं लिहिलं तर एक प्रत तुझ्या साहेबांकडे जाईल. तशी अट आहे."

"जाईल."

"साहेबांना माहीत आहे मुठीचं?"

"आतापर्यंत पाच साहेब झाले. एकालाही नाही."

"दोन वर्षं राहिलीत तुझी नोकरीची."

"एक वर्ष आठ महिने." मग आत्या म्हणाली, "सुरुवातीला मी पण नियमानेच वाटायचे, बारके. एकदा एकाचा नंबर एकशे बारा होता. पुढचं आता सांगत नाही, तुझी जेवायची वेळ झालीय."

"पण तू ठरवतेस कसं? मूठ कुणाला द्यायची ते?"

"तोंड बघून."

"आत्या, 'तोंड बघून' असं प्रबंधात लिहिता येत नाही."

"मग असं लिही. जो भांडतो, त्याच्यात दम आहे. तो थांबू शकतो. जो म्हणतो, 'काही घाई नाही बाई, बसतो मी' आणि खिडकीची कड धरतो, त्याला द्यायचा."

बारकीने ते लिहून घेतलं.

"लिहू ना मग सगळं?"

"लिही की. तुझं नाव असणार वर, त्यात खोटं कशाला? माझं नाव घालू नकोस. खिडकी नंबर अमुक, एवढंच घाल." मग आत्याला आठवलं. "तसं तेही नको. एकच खिडकी आहे."

परीक्षेच्या खोलीत तीन परीक्षक होते, मार्गदर्शिका बाई होत्या, आणि परीक्षा सगळ्यांना खुली असल्यामुळे मागच्या खुर्चीत यंत्रवाला होता. त्याने नवा टाय लावला होता. बारकी उभी राहिली आणि म्हणाली, "चौथं प्रकरण चुकलं आहे."

"आकडेमोडीत?" पहिल्या परीक्षकांनी विचारलं.

"नाही. आकडे बरोबर आहेत. बाकी सगळं चुकलंय."

तिने मुठीचं सांगितलं. दुसरे परीक्षक पानं उलटून समीकरण पाहत राहिले. त्यांना ते आवडलेलं दिसत होतं.

"म्हणजे चहाला कुणीच गेलं नव्हतं?"

"एकही नाही."

"परत आले ते?"

"ते गेलेच नव्हते. ते तेव्हाच आले होते."

मार्गदर्शिका बाईंनी स्वेटरच्या बाह्या नीट केल्या. "आकडे घेण्यापूर्वी," त्या म्हणाल्या, "खिडकीत बसणाऱ्या बाईंना तुम्ही काय काय विचारलं होतं?"

"फोटो पाठवशील का, म्हणून."

"आणखी?"

"अंगठा बाजूला घेशील का, म्हणून."

खोलीत कुणी हसलं नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग त्या म्हणाल्या, "मी तेवढंही विचारलं नसतं." आणि त्यांनी दुरुस्तीसाठी सहा आठवडे लिहून दिले.

बाहेर यंत्रवाला थांबला होता. माणूस वाईट नव्हता. "मुठीत किती येतात?" त्याने विचारलं.

"पंधरा-सोळा."

"ते यंत्रात घालता येईल. सोळा नंबर राखून ठेवायचे. अवघड नाही. फक्त ते कुणाला द्यायचे हे यंत्राला सांगणार कोण?"

"खिडकीतली बाई."

यंत्रवाल्याने टाय सैल केला. "लोक यंत्र घेतात," तो म्हणाला, "ते खिडकीत बाई ठेवायला नको म्हणूनच."

 आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. त्यात पुढील वाटचालीस शुभेच्छा होत्या. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "खाली काय सांगू?"

"कॉम्प्युटर सांगा," बारकी म्हणाली.

सहा आठवड्यांत तिने चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. या वेळी ती रोज तासभर आत्याला प्रश्न विचारत होती, आणि आत्या भाजी निवडत उत्तरं देत होती. त्या प्रकरणात समीकरण एकच होतं, तेही छोटं. प्रबंध मंजूर झाला. एक प्रत अधीक्षकांच्या कार्यालयात गेली.

मग वाट पाहणं आलं. बारकीला झोप लागेना. आत्या रोज खिडकीत बसत होती आणि रोज सकाळी मूठ भरत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे पकडायचंच असेल तर भरल्या ड्रॉवरनिशी पकडू देत. अठ्ठावीस दिवसांनी तीन शिक्क्यांचं उत्तर आलं: प्रत मिळाली. पाने एकशे अठरा, मोजून पाहिली, बरोबर आहेत. फाईल करण्यात येत आहे.

"मोजली, वाचली नाही," बारकी म्हणाली.

"वाचायला वेळ कुठे आहे त्यांना?" आत्या म्हणाली. "बाहेर केवढी रांग असते."

सहा महिन्यांतले चार संपले. बारकीने चौतीस अर्ज केले होते, आणि आता तीही बोटांवर मोजत होती. सल्लागार बाईंच्या खोलीत झाडं तेरा झाली होती. त्यांनी जुना फॉर्म काढून दाखवला. "हे तुम्ही अजून स्पष्ट केलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"करते," बारकी म्हणाली.

त्या शहरातल्या एका रुग्णालयाला ओपीडीतली गर्दी कमी करायला माणूस हवा होता. जागा एका वर्षाची, हुद्दा मदतनिसाचा. मुलाखतीत त्यांनी विचारलं, आकडे कधीपासून गोळा करायला लागाल. बारकी म्हणाली, "आधी मला तीन महिने नोंदणीच्या खिडकीत बसू द्या. मग मोजीन."

समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढं शिकून आलेल्या कुणी त्यांच्याकडे ती खिडकी कधी मागितली नव्हती. नेमकी तिथली बाई गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजेवर जाणार होती, आणि बदली माणूस मिळत नव्हता. त्यांनी बारकीला सोमवारपासून यायला सांगितलं.

सोमवारी ती वेळेआधी अर्धा तास पोहोचली. खिडकी तिच्या उंचीला जरा खाली होती, वाकून बसावं लागत होतं. इथले बिल्ले प्लास्टिकचे होते, निळे, गोल; पुकारून गेलेला आकडा आल्या आल्या आत सोडायचा, हा शिरस्ता मात्र तोच होता. ते डब्यात उलटेसुलटे पडले होते. बारकीने इकडेतिकडे पाहिलं. परवानगी कुणाकडे मागायची हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिने डब्यात हात घातला, मूठ भरून घेतली आणि टेबलावर मोजली. एकवीस निघाले. तिचा हात आत्यापेक्षा मोठा होता. पाच परत टाकून सोळा तिने ड्रॉवरमध्ये सरकवले आणि बाकीचे क्रमाने लावून खिडकी उघडली.

पहिला माणूस भांडला, खिडकी तीन मिनिटं उशिरा उघडली म्हणून. दुसरी बाई भांडली, पहिला फार वेळ भांडला म्हणून. बारकीने दोघांनाही क्रमाने नंबर दिले. त्यांच्या चेहऱ्यांवर चांगलं रक्त होतं. पुढचे दोन तास रांग तिच्याकडे तोंड करून उभी होती, आणि ती एकेक तोंड बघत होती.

साडेदहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. एकशे सतरावा नंबर होता. त्यांनी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी खिडकीची कड धरली.

"काही घाई नाही," ते म्हणाले. "बसतो मी."

बारकीने ड्रॉवर उघडला.